विपील, लाल, एक नग

पोलीस खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला लोक हमखास विचारतात, तुमची सगळ्यात मोठी केस कुठली? मी एखाद्या दरोड्याची हकीकत सांगतो आणि सुटका करून घेतो. पण घरात एकटा असलो की जी केस मनात येते ती मोठी नव्हतीच. चोरीला एक कपडा गेला होता. तोही वापरलेला.

मी तेव्हा उज्जैनच्या एका ठाण्याचा टी.आय. होतो. महाराष्ट्रात ज्याला वरिष्ठ निरीक्षक म्हणतात, त्याला आमच्या मध्य प्रदेशात टाउन इन्स्पेक्टर म्हणतात, एवढाच फरक. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं. पत्नी आदल्या वर्षी गेली होती आणि मुलगा परदेशात होता. घरी जायची घाई नसलेला अधिकारी ठाण्याला फार सोयीचा असतो. मी सकाळी आठला येऊन बसायचो आणि ज्याला सुट्टी हवी असेल त्याची ड्यूटी स्वतःकडे घ्यायचो. शिपाई खूश होते. मला दयाळू समजत होते.

जानेवारीतल्या एका मंगळवारी हजेरी आटोपून मी रोजनामचा, म्हणजे ठाण्याची रोजची नोंदवही, पाहत होतो. तेवढ्यात एका ट्रस्टच्या वस्त्रसंग्रहालयाचे सचिव टाइप केलेला अर्ज घेऊन आले. साठीच्या आसपासचे, कडक इस्त्रीतले गृहस्थ. मूळचे आमच्यासारखेच मराठी, चार पिढ्यांपूर्वी इकडे आलेले. रविवार ते मंगळवार सकाळ या काळात (सोमवारी संग्रहालय बंद) वरच्या दालनातून एक विपील चोरीला गेला, असं अर्जात लिहिलं होतं.

"हे विपील म्हणजे काय?" मी विचारलं.

"मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला नावाचा देश आहे. तिथे माया लोक राहतात. त्यांच्या बायका कमरेला माग बांधून हे स्वतः विणतात. गळ्यातून डोकं घालून अंगात घालायचा कपडा."

"म्हणजे ब्लाउज?"

ते दुखावले. "ब्लाउज नाही हो साहेब. कलाकृती आहे ती. असे चाळीस नग आहेत आमच्याकडे, पण हा सर्वांत सुंदर. पुढच्या महिन्यात दिल्लीहून परदेशी पाहुणे तो बघायलाच येणार आहेत."

कलाकृती काय आणि ब्लाउज काय, कलम चोरीचंच लागणार होतं. मी एफ.आय.आर. लिहून घेतला आणि हेडसाहेबांना, म्हणजे माझ्या हेड कॉन्स्टेबलला घेऊन जागेवर गेलो.

वरचं दालन लांबट, अर्धवट अंधारं. भिंतीवर काचेच्या पेट्या आणि प्रत्येक पेटीत कापडाने मढवलेल्या फळीवर एकेक विपील टाके घालून पसरलेला. वरून छोटा दिवा सोडलेला. लाल, जांभळे, पिवळे रंग, त्यांत पक्षी, मक्याची रोपं, नागमोडी रेघा. सुंदर होतं, यात शंका नाही. पण प्रत्येक कपड्याच्या मधोमध गळ्याचं गोल भोक होतं आणि त्यातून मागची पांढरी फळी दिसत होती. हेडसाहेब हळूच म्हणाले, "साब, ऐसा लगता है जैसे सब लोग कहीं चले गए हों."

चोरीच्या पेटीचं कुलूप शाबूत होतं. किल्लीने उघडून पुन्हा लावलेलं. काच पुसलेली. आत रिकामी फळी आणि फळीच्या कोपऱ्यात उसवलेल्या दोऱ्यांची एक छोटी गुंडी, नीट गुंडाळून ठेवलेली. पेटीखालची पट्टी मी टिपून घेतली: स्त्रीचे विवाहप्रसंगीचे वस्त्र, हातमाग, विणकर अज्ञात.

कॅमेरा फक्त तिकीट खिडकीवर होता. रविवारी आलेली मोजकी माणसं त्यात दिसत होती. कोणाच्या हातात पिशवी नव्हती. किल्ल्या दोनच होत्या, एक सचिवांकडे, दुसरी दालन सांभाळणाऱ्या बाईकडे.

ही बाई उज्जैनच्याच भैरवगढ भागातली. पंचेचाळिशीची, विधवा. घरात पिढ्यान्‌पिढ्या ठप्प्यांची छपाई. नवरा गेल्यावर ती संग्रहालयात नोकरीला लागली होती. मंगळवारी रिकामी पेटी पाहून सचिवांना कळवलं तेही तिनेच. सोपी केस, असं मला वाटलं. मी तिला ठाण्यावर बोलावलं.

दोन दिवस ती सकाळी येऊन महिला शिपायाशेजारी बाकावर बसायची आणि संध्याकाळी मी तिला घरी पाठवायचो. तिच्या अंगाला कोणी हात लावला नाही. पण एवढ्याने आपण सभ्य ठरतो असं पोलिसांना वाटतं, ते चूक आहे. नोकरी जाईल, वस्तीत नाव खराब होईल, पोरीचं लग्न मोडेल, हे सगळं मी तिला शांत आवाजात ऐकवलं.

"कपडा तुमने लिया?"

"नहीं साब."

"फिर किसने लिया?"

ती गप्प. पुन्हा पहिला प्रश्न विचारला की लगेच उत्तर, नहीं साब. दुसरा विचारला की नजर खाली. हे मी दहा वेळा करून पाहिलं. चोरी केलेला माणूस दुसऱ्या प्रश्नाला जास्त उत्साहाने उत्तर देतो. वॉचमनवर ढकलतो, झाडूवाल्यावर ढकलतो, चार नावं सुचवतो. ही बाई एकही नाव घेत नव्हती. तिने चोरलं नाही आणि कोणी चोरलं ते तिला माहीत आहे, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आलंही होतं. पण एस.पी. साहेबांचा रोज फोन येत होता आणि माझ्या हातात दुसरं कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे सासरे तिचा डबा घेऊन आले. म्हातारे छपाईकार, बोटांच्या पेरांत रंग मुरलेला. माझ्या टेबलावर ती फळी आणि दोऱ्यांची गुंडी होती. त्यांनी फळी न विचारता उचलली आणि उजेडात तिरकी धरून पाहिली. मी अडवलं नाही.

"साब, इसमें ब्लेड नहीं चली," ते म्हणाले. "एक-एक टाँका सुई से उठाया है. दो-तीन घंटे का काम है. चोर के पास इतना टाइम कहाँ?"

"फिर किसने निकाला होगा?"

"वो मैं क्या जानूँ. लेकिन जिसने निकाला, उसने सोचा कि कपड़े को लगे नहीं." मग सुनेकडे न बघता म्हणाले, "इसको छोड़ दो साब. ये झूठ नहीं बोलती. चुप रहती है, बस."

त्याच संध्याकाळी खबर लागली. हेडसाहेबांनी संग्रहालयाच्या पुस्तकातून त्या विपीलच्या फोटोच्या प्रती काढल्या होत्या आणि बीटचे शिपाई त्या ड्रायक्लीनर, रफूवाले, इस्त्रीवाले अशा सगळ्यांना दाखवत होते. माधव नगरात गाडीवर इस्त्री करणाऱ्या एका बाईने फोटो पाहिला आणि म्हणाली, "ये तो अम्मा की शादी वाली फोटो में है. दीवार पे टँगी है उनके घर."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी महिला शिपायाला घेऊन त्या घरी गेलो. एकमजली जुनं घर, पुढे पेरूचं झाड. दार एका ठेंगण्या म्हातारीने उघडलं. सत्तरीची असेल. गव्हाळ चेहरा, रुंद गालफडं, पांढऱ्या केसांची लांब वेणी आणि साधी सुती साडी. नेपाळकडची असेल असं मला आधी वाटलं.

"या," ती मराठीत म्हणाली. "चपला राहू द्या. मी वाटच बघत होते. उशीर केलात."

आपल्याकडे मराठी आता निम्मी हिंदी झाली आहे. ती मात्र माझ्या आजीच्या पिढीची मराठी बोलत होती, फक्त शब्द थोडे परक्या वजनाने पडत होते. तिने पाणी दिलं. भिंतीवर फोटो होता. एक उंच, चष्मा लावलेला तरुण आणि त्याच्या खांद्याला लागणारी मुलगी. मुलीच्या अंगात तोच लाल विपील.

तिची कथा तिने बसल्या जागी सांगितली. नवरा उज्जैनचा, शेतीशास्त्रज्ञ. मक्याच्या कामासाठी तरुणपणी ग्वाटेमालाला गेला आणि डोंगरातल्या तिच्या गावी दोन वर्षं राहिला. लग्न करून तिला इकडे घेऊन आला. ती आल्यावर काही महिन्यांत तिथली यादवी तिच्या गावापर्यंत पोहोचली. घरं जळली. आई, दोन भाऊ, कोणी उरलं नाही. परत जायला गावच नव्हतं. सासूने तिला मराठी शिकवली, पोळ्या शिकवल्या आणि नऊवारी नेसायला शिकवली. मूलबाळ झालं नाही. सासू गेली, मग नवरा गेला.

"माझी भाषा किचे," ती म्हणाली. "उज्जैनात ती बोलणारी मी एकटी. पूर्वी स्वयंपाक करताना स्वतःशी बोलायची. आता काही शब्द आठवत नाहीत. कोणाला विचारू?"

मी विषयावर आलो. "काकू, तो कपडा तुमच्याकडे आहे?"

ती आत जाऊन घेऊन आली. पांढऱ्या पंच्यात घडी घातलेला.

"यांना नाद होता," ती म्हणाली. "आमच्याकडचे कपडे जमवले. आजारी पडल्यावर म्हणाले, हे सगळं संग्रहालयाला देऊ, लोक बघतील. मी म्हटलं, द्या. मग म्हणाले, तुझा पण देऊ या का? तो सगळ्यांत छान आहे. मी म्हटलं, घ्या." तिने पंच्याची घडी सारखी केली. "मरणाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? त्यांनी जबरदस्ती नाही केली, साहेब. विचारूनच नेला. दानपत्रावर माझी पण सही आहे."

म्हणजे मालकी संग्रहालयाची होती, यात कायद्याला जागाच नव्हती. ती कबुलीजबाब देताना आपल्याविरुद्धचा पुरावाही स्वतःच देत होती.

"मग आता परत का घेतलात?"

"आईने विणला होता. आमच्याकडे बाई गेली की तिला तिचा विपील घालतात. तिथे पलीकडे आधी गेलेल्या बायका बसलेल्या असतात, त्या नक्षीवरून ओळखतात, ही अमक्या गावची, अमकीची मुलगी. डॉक्टर म्हणाले, हृदय मोठं झालंय. मग मला घाई झाली."

ती दर गुरुवारी संग्रहालयात जायची आणि पेटीसमोर उभी राहायची. दालनातल्या त्या बाईने तिच्यासाठी एक स्टूल आणून ठेवलं होतं. आईचं नाव पट्टीवर लिहा असं सांगायला ती एकदा ऑफिसातही गेली होती. तिथल्या मुलीने सांगितलं, सर रजेवर आहेत, अर्ज द्या. तिने अर्ज दिला नाही.

"त्या रविवारी कोणी नव्हतं. किल्ली मी टेबलाच्या खणातून घेतली. त्या बाईला काही ठाऊक नाही. ती जेवायला गेली होती."

"तीन तास?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ती हळू जेवते."

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो प्रश्न विचारले असतील. त्या दिवशी पुढचा प्रश्न मी विचारला नाही. तिने सांगितलं तसं लिहून घेतलं.

"आणि बाहेर कसा नेलात?"

"घालून. वरून स्वेटर, शाल. थंडी होती ना." ती पहिल्यांदा थोडी हसली. "किती वर्षांनी घातला. रिक्षात बसून टावर चौकातून आले. कोणाला काही कळलं नाही."

मग जप्ती पंचनामा. शेजारचे दोन पंच बोलावले. मी सवयीने लिहिलं: लाल रंगाचा, हाताने विणलेला, वापरलेला वरचा कपडा, एक नग. वाचून दाखवलं. ती म्हणाली, "असं नका लिहू. असा तर कुठलाही असेल."

आणि तिने सांगायला सुरुवात केली. दोन पट्टे आहेत, मध्ये हाताने जोडलेले. कापड कुठे कापलेलं नाही, फक्त गळा. चारही काठ मागावरचेच. गळ्याभोवती सूर्य. खांद्यावर दोन तोंडांचा पक्षी, एक तोंड मागे बघतं, एक पुढे. छातीवर शंकरपाळ्यासारखी नक्षी आहे ना, ते जग. चार कोपरे, चार दिशा. बाईने डोकं घातलं की ती मधोमध येते. डाव्या बाजूला एका ओळीत पक्षी उलटा झालाय. आईची चूक नाही ती, तिची खूण आहे.

मी लिहीत गेलो. पंचनामा दीड पानांचा झाला. पंच कंटाळले. विणणाऱ्याचं नाव तिने सांगितलं तेही मी जबाबात घातलं, स्पेलिंग विचारून. ते नाव अजून कोर्टाच्या फाइलीत असेल. मग कापडाची घडी पिशवीत घातली आणि लाख वितळवून ठाण्याची मोहोर लावली. मोहोर लागताना ती खिडकीबाहेर बघत होती.

वय पाहून मी तिला अटक केली नाही, नोटीस दिली. भैरवगढच्या बाईला त्याच दिवशी मोकळं केलं. पण सचिवांनी तिला आधीच कामावरून काढलं होतं. ती सासऱ्यांकडे छपाईच्या कामाला लागली. मी तिच्याशी नीट बोलायला हवं होतं. "जाओ, तुम्हारा कुछ नहीं है," एवढंच म्हणालो.

तक्रार मागे घेता आली असती. चोरीच्या केसमध्ये कोर्टाच्या परवानगीने समझोता होतो. मी सचिवांना तसं सुचवलं. ते म्हणाले, "कमिटी ऐकणार नाही साहेब. उद्या प्रत्येक दाता येऊन आपली वस्तू उचलून नेईल." खटला उभा राहिला, तारखा पडू लागल्या आणि विपील मालखान्यात गेला. मालखाना म्हणजे ठाण्याची जप्त मालाची खोली. त्याच्या एका बाजूला देशी दारूच्या पेट्या, दुसऱ्या बाजूला सायकली.

पुढच्या गुरुवारी ती ठाण्यावर आली.

"बघू देता का?" तिने विचारलं.

"काकू, सीलबंद मुद्देमाल आहे. कोर्टाच्या हुकुमाशिवाय उघडता येत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि बाकावर बसली. तासाभराने उठून गेली. पुढच्या गुरुवारी पुन्हा आली. मग सगळ्या ठाण्याला सवय झाली. अम्मा आली की कोणीतरी चहा सांगायचं. ती मालखान्याच्या बंद दाराकडे तोंड करून बसायची. कधी मी जवळ जाऊन बसायचो. आम्ही मराठीत बोलायचो, सासूच्या लोणच्याबद्दल, पेरूला लागलेल्या किडीबद्दल. माझ्या घरात तेव्हा मराठी बोलायला कोणी नव्हतं. गुरुवारी मी बाहेरची कामं घेईनासा झालो. हे कोणाच्या लक्षात आलं असेल तर कोणी बोललं नाही.

तिच्या वकिलाने विपील सुपुर्दनाम्यावर मागितला. सुपुर्दनामा म्हणजे खटल्याचा निकाल लागेपर्यंत जप्त वस्तू कोणाच्या तरी ताब्यात सांभाळायला देणं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी लग्नाचा फोटो पाहिला, तिचं वय पाहिलं आणि सहानुभूतीने हुकूम केला. वस्तूत बदल करायचा नाही, नष्ट करायची नाही, कोर्ट मागेल तेव्हा हजर करायची. आणि एक जामीनदार हवा. जामीनदार मिळेना. नवऱ्याचा पुतण्या इंदूरला होता, त्याने फोन उचलणं बंद केलं. माझ्याच तपासातल्या केसमध्ये मी उभा राहू शकत नव्हतो. मी निवृत्त होईपर्यंत विपील मालखान्यातच राहिला.

निरोप समारंभ झाला, हार गळ्यात पडले. त्याच आठवड्यात मी कोर्टात जाऊन तिचा जामीनदार म्हणून सही केली. नव्या टी.आय. साहेबांनी माझ्यासमोर मालखाना उघडला. तिने पिशवी तिथेच उघडली, कापड नाकाला लावलं. "दारूचा वास येतो," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज नेहमीचाच.

त्यानंतर गुरुवारी मी तिच्याकडे जाऊ लागलो. जामीनदाराने वस्तू सुरक्षित आहे का ते पाहायला हवं, असं मी स्वतःला सांगत होतो. ती विपील घालून बसलेली असायची. भैरवगढची बाईही कधीकधी आलेली असायची. तिची आणि माझी नजरानजर झाली की ती उठून चहा ठेवायला आत जायची. म्हातारीने एकदा पेरूच्या झाडाला दोरी बांधून, दुसरं टोक कमरेला घेऊन, आई कशी विणायची ते दाखवलं. मागे झुकलं की ताणे ताठ होतात, पुढे आलं की सैल. "आई म्हणायची, माग वेगळा नसतो. अर्धा माग आपणच." आठ-नऊ महिने असे गेले. निवृत्तीनंतरचे तेवढेच दिवस मला वेगवेगळे आठवतात. बाकीचे एकसारखे आहेत.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी भैरवगढच्या बाईचा फोन आला. "साब, अम्मा नहीं रहीं." झोपेतच गेली होती.

मी पोहोचलो तेव्हा शेजारच्या दोन-तीन बायका होत्या. पुतण्याला कळवलं होतं, तो रस्त्यात होता. भैरवगढच्या बाईने तिला आंघोळ घालून तयार केलं होतं. वेणी घातली होती. अंगात विपील होता. गळ्याभोवती सूर्य, छातीवर ते चार कोपऱ्यांचं जग, आणि मधोमध ती.

मी दारात उभा राहिलो. माझ्या मनात काय आलं ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. मनात दुःख आलं नाही. आला तो माझ्या सहीचा कागद. मुद्देमाल. हजर करायची जबाबदारी. सुपुर्दनाम्यावर दिलेली वस्तू गायब केली म्हणून मी स्वतः किती लोकांवर कारवाई केली होती. विचार असा मी केलाच नाही. चौतीस वर्षांची सवय बोलली.

"हे काढावं लागेल," मी म्हणालो. मग हिंदीत, "इसे उतारना पड़ेगा. कोर्ट का सामान है."

भैरवगढच्या बाईने वर पाहिलं. ठाण्याच्या बाकावर दोन दिवस ती जशी गप्प बसली होती तशीच गप्प. शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या.

"आप बाहर जाइए," ती शेवटी म्हणाली.

मी पेरूखाली उभा राहिलो. आत फार वेळ लागला. ताठरलेल्या शरीरावरून गळ्यातला कपडा काढणं सोपं नसतं. कापू नका, असं सांगायला मी एकदा दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. सांगायची गरज नव्हती. ती बाई कापणार नव्हती. दार उघडलं आणि तिने घडी माझ्या हातात दिली. चेहऱ्याकडे पाहिलं नाही. आत म्हातारीला आता भैरवगढी छापाची साडी नेसवलेली होती. त्या बाईने स्वतःच्या अंगावरची शाल आणि येताना घरून आणलेली ती नवी साडी, दोन्ही दिल्या होत्या. चक्रतीर्थाच्या स्मशानघाटावर आम्ही मोजून सहा माणसं होतो. पुतण्याने अग्नी दिला आणि लगेच इंदूरला गेला.

आरोपीच्या मृत्यूमुळे खटला तिथेच संपला. मी विपील कोर्टात हजर केला. कोर्टाने तो संग्रहालयाला परत द्यायचा हुकूम केला आणि पोहोचवायला मीच गेलो. सचिवांनी पावतीवर सही केली. कापडावरून हात फिरवला. मग विचारलं, "बाईंना शेवटी घातला होता का?"

मी घडलं ते सांगितलं.

ते चष्मा काढून म्हणाले, "साहेब, एक फोन करायचा होतात."

"काय म्हणाला असता तुम्ही?"

"म्हटलं असतं, राहू द्या अंगावर. कोर्टाला लिहून दिलं असतं. कमिटीला मी बघून घेतलं असतं. असे चाळीस आहेत आमच्याकडे."

ते खरंच तसं म्हणाले असते की नंतर बोलायला सोपं होतं म्हणून म्हणाले, मला ठरवता येत नाही. खुनी आणि ठग यांच्या मनातलं ओळखणारा मी, या साध्या गृहस्थांच्या मनात काय असेल ते आधीच गृहीत धरून बसलो होतो. फोन माझ्या खिशात होता. त्यात त्यांचा नंबर होता. पेरूखाली मी अर्धा तास नुसता उभा होतो.

तरुण अधिकारी कधी भेटायला येतात, काही सांगा म्हणतात. त्यांना मी सांगतो, नियम पाळा, जरूर पाळा. पण नियम पाळताना समोर माणूस असेल तर एकदा कोणाला तरी विचारून पाहा. वरिष्ठांना विचारा, फिर्यादीला विचारा, मॅजिस्ट्रेटला विचारा. ते हसून मान डोलावतात. त्यांना वाटतं, म्हातारा टी.आय. भोळा झाला.

त्या दिवशी मी विचारलं असतं आणि सचिव नाही म्हणाले असते, तरी कपडा काढावाच लागला असता. पण मग ते 'नाही' त्यांचं असतं. आज ते माझं आहे.